दुखणे थांबले, पण हाड जुळले का? कॉलर बोन मोडल्यानंतर सायकलवर परत कधी बसावे

४ एप्रिल २०२४ रोजी स्पेनच्या बास्क प्रांतातील एका शर्यतीत, उतारावरच्या वळणावर, बरेच सायकलपटू एकापाठोपाठ एक पडले. दोन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या डेन्मार्कच्या योनास विंगेगार्डचे कॉलर बोन आणि बरगड्या मोडल्या, फुफ्फुसाला इजा झाली आणि बारा दिवस त्याला रुग्णालयात काढावे लागले. २९ जूनला तोच विंगेगार्ड पुन्हा टूर द फ्रान्सला उतरला, त्याने एक टप्पा जिंकला आणि एकूण निकालात तो दुसरा आला. त्याच अपघातात कॉलर बोन आणि खांद्याचे पाते मोडून घेतलेला बेल्जियमचा रेम्को एव्हनपूल या स्पर्धेत तिसरा आला.

अशा बातम्या वाचलेला एखादा हौशी सायकलस्वार पावसाळ्यात पुण्याजवळच्या बोपदेव घाटाच्या उतारावर घसरतो, खांद्यावर आपटतो आणि त्याचे कॉलर बोन मोडते. डॉक्टर सांगतात, तीन महिने सायकल विसरा. पाचव्या आठवड्यात हात वर जाऊ लागतो, दुखणे जवळपास थांबलेले असते, रविवारच्या ग्रुपमधले मित्र ‘आता हळूहळू सुरू कर’ म्हणू लागतात आणि डॉक्टर मात्र एक्स-रे उजेडावर धरून ‘अजून फट दिसते आहे’ असे सांगतात. यात कोणाचे खरे मानायचे, असा प्रश्न त्याला पडणे साहजिक आहे.

गंमत अशी, की मित्र आणि डॉक्टर दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असू शकते. हाड सायकल चालवण्याइतके सावरणे हा एक टप्पा आहे आणि सायकलवरून पुन्हा पडलो तर टिकण्याइतके ते बळकट होणे हा दुसरा. या दोन टप्प्यांमध्ये कित्येक आठवड्यांचे अंतर असते आणि घाई करणाऱ्याची फसगत होते ती पहिला टप्पा म्हणजेच दुसरा असे समजल्यामुळे. हा फरक नेमका कशामुळे पडतो, हे या लेखात पाहायचे आहे. प्रत्यक्ष तारीख ठरवण्याचे काम अर्थातच ज्याने एक्स-रे पाहिला आहे आणि खांदा हाताने तपासला आहे, त्या डॉक्टरचे आहे.

हेच हाड इतके का मोडते

कॉलर बोन म्हणजे छातीच्या मधल्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत आडवे जाणारे, किंचित नागमोडी हाड. आरशासमोर उभे राहून बोट फिरवले तर ते कातडीखाली पूर्ण लांबीभर हाताला लागते. संपूर्ण हात आणि धड यांना हाडाने जोडणारा हा एकच दुवा आहे. खांद्याचे पाते तर पाठीवर केवळ स्नायूंच्या आधारावर सरकत असते. त्यामुळे खांद्यावर बसलेला मार धडाकडे जाताना याच हाडातून जातो.

पडताना हात टेकल्यामुळे कॉलर बोन मोडते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा खांदाच थेट जमिनीवर आदळलेला असतो. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचे चाक अडकते, माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो, मुठी सोडायलाही वेळ मिळत नाही आणि खांदा रस्त्यावर येतो. मोडण्याची जागाही बहुधा ठरलेली असते. दहापैकी सुमारे आठ वेळा हे हाड मधल्या तिसऱ्या भागात मोडते, कारण तेथे ते सर्वात बारीक असते, त्याची नागमोड तेथेच दिशा बदलते आणि दोन्ही टोकांना असतात तसे अस्थिबंधांचे आधार मध्यभागी नसतात.

मोडल्यानंतर मानेचा स्नायू आतला तुकडा वर ओढतो आणि हाताचे वजन बाहेरचा तुकडा खाली खेचते. खांद्याजवळ दिसणारा उंचवटा हा त्या वर आलेल्या तुकड्याचा असतो. तुकडे एकमेकांवर चढले की खांदा आखूड होतो. हाडाचे टोक कातडीला आतून इतके टोचत असेल की कातडी पांढरी पडली आहे, हाताला मुंग्या येत असतील किंवा हात गार पडला असेल, तर तो तातडीचा प्रसंग समजावा. अशा वेळी ‘उद्या ओपीडीत दाखवू’ म्हणून थांबू नये.

झोळी की प्लेट?

तुकडे जागेवर असतील किंवा थोडेच सरकले असतील, तर हात गळ्यातल्या झोळीत ठेवणे पुरते. पूर्वी दोन्ही खांदे मागे ओढून धरणारा इंग्रजी आठच्या आकाराचा पट्टा सर्रास बांधत असत. साध्या झोळीपेक्षा त्याने हाड अधिक चांगले जुळते असे दिसून आलेले नाही, उलट काखेत तो रुतून त्रास मात्र अधिक होतो. गावोगावच्या हाडवैद्यांकडून आवळून बांधून घेण्याबाबतही हीच अडचण आहे. या हाडाला बाहेरून आवळून जागेवर बसवता येत नाही आणि काखेतल्या नसा व रक्तवाहिन्या मात्र दाबल्या जातात.

तुकडे पूर्णपणे सरकले असतील तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. म्हणजे हाडावर धातूची पट्टी ठेवून ती स्क्रूने बसवतात. कॅनडातील अस्थिशल्यचिकित्सकांच्या एका गटाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अशाच सरकलेल्या हाडांची तुलना होती. प्लेट बसवलेल्या ६२ रुग्णांपैकी २ जणांची हाडे जुळली नाहीत, तर केवळ झोळीवर ठेवलेल्या ४९ पैकी ७ जणांची जुळली नाहीत. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्याच चाचणीतला दुसरा आकडा अधिक बोलका आहे. एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसायला प्लेट बसवलेल्यांना सरासरी १६ आठवडे लागले आणि झोळीवाल्यांना २८.

मग सगळीकडे ऐकू येणारे ‘सहा आठवडे’ कुठून आले? साधारण सहा आठवड्यांनंतर झोळी पूर्ण सुटलेली असते आणि हात रोजच्या कामाला लागतो. त्या मुदतीचा अर्थ एवढाच आहे. ती सुरुवातीची परवानगी आहे, पण आपण तिला शेवटची तारीख मानून बसतो.

हाड भरते म्हणजे आत काय होते

हाड मोडले की त्याच्यातल्या आणि आसपासच्या रक्तवाहिन्या फाटतात व मोडलेल्या जागी रक्ताची गाठ तयार होते. पहिले काही दिवस तेथे सूज असते, आणि ती सूज हा दुरुस्तीचाच भाग असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत गाठीची जागा कूर्चेसारख्या लवचिक पेशीजालाने घेतलेली असते. दोन्ही तुकड्यांना बाहेरून वेढणाऱ्या या भरावाला वैद्यकीय भाषेत कॅलस म्हणतात. पुढे त्यात कॅल्शियमचे क्षार बसत जातात, तो कडक होतो आणि साधारण सहा ते बारा आठवड्यांत हाडासारखा बनतो. त्यानंतरही काम संपत नाही. शरीर ओबडधोबड भराव काढून टाकते आणि जिकडून ताण येतो त्या दिशेने नवे हाड रचते. ही पुनर्रचना महिनोन् महिने, कधी वर्षभराहूनही अधिक चालते.

घराचे बांधकाम पाहिलेल्या कोणालाही यातला मुद्दा लगेच कळेल. स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी त्यावर चालता येते, गवंडी त्यावर पाण्याची आळी करतात, पण खालचे सेंटरिंग कोणी काढत नाही, कारण पृष्ठभाग कडक झाला तरी काँक्रीटची खरी ताकद पुढचे काही आठवडे वाढतच असते. प्लेट हे हाडाचे सेंटरिंग आहे. ती भार उचलते म्हणून तुकडे हलत नाहीत, आणि तुकडे हलत नाहीत म्हणून हाडाला निवांतपणे जुळता येते. प्लेटने हाड जुळवले असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. जुळवण्याचे काम हाडच करते. हाड वेळेत जुळले नाही आणि वारंवार ताण पडत राहिला, तर धातूही थकतो आणि प्लेट वाकते किंवा मोडते. सर्जनच्या दृष्टीने ही खरोखर एक शर्यत असते: हाड आधी जुळते की प्लेट आधी थकते.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. प्लेटने तुकडे अगदी घट्ट एकमेकांना भिडवले असतील तर बाहेरचा भराव फारसा दिसतच नाही, हाड आतल्या आत जुळते. अशा रुग्णाच्या एक्स-रेमध्ये ‘कॅलस दिसत नाही’ म्हणून घाबरून जाण्याचे कारण नसते.

मग दुखणे इतक्या लवकर का थांबते?

हाडाच्या बाहेर एक पातळ आवरण असते आणि त्यात वेदना जाणणाऱ्या नसा भरपूर असतात. मोडलेली टोके हलली की हे आवरण ओढले जाते आणि कळ येते. पहिल्या दोन आठवड्यांत झोळीवरच्या रुग्णाला कूस बदलताना खांद्यात बारीक ‘कट्’ असे जाणवते. ती दोन टोके एकमेकांवर घासल्याची जाणीव असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास ते जाणवणे बंद होते. लवचिक भरावाने टोके एकत्र धरलेली असतात, ती हलत नाहीत आणि म्हणून दुखत नाही. प्लेट बसवलेल्या रुग्णात टोके शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच स्थिर असतात, त्यामुळे त्याला तर दुसऱ्याच आठवड्यात आपण बरे झालो असे वाटू लागते.

थोडक्यात, दुखणे हे हालचालीचे मोजमाप आहे, ताकदीचे नव्हे. टोके हलायची थांबली एवढेच ते सांगते. त्या जोडाने पन्नास-साठ किलो वजनाचा माणूस डांबरावर आपटण्याचा धक्का सोसला असता का, याबद्दल ते काहीच सांगत नाही.

एक्स-रेची भाषा याच्या उलट्या बाजूने फसवते. लवचिक भरावात कॅल्शियम कमी असल्याने तो एक्स-रेमध्ये उमटत नाही. आत काम जोरात चालू असताना चित्रात फट तशीच दिसते. म्हणूनच अनुभवी डॉक्टर नुसता एक्स-रे पाहत नाहीत. ते मोडलेल्या जागेवर अंगठ्याने दाबून पाहतात, हात सर्व दिशांनी फिरवायला लावतात आणि मागच्या एक्स-रेशी तुलना करतात. दाबल्यावर न दुखणे, हालचाल पूर्ण असणे आणि चित्रात जोड पुढे सरकलेला दिसणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावरच त्यांचा निर्णय होतो. वेदनाशामक गोळी घेऊन ‘दुखत नाही’ असे ठरवणाऱ्याने या तीनपैकी एक साक्षीदार आधीच गप्प केलेला असतो.

‘पण रेसर तर दोन-अडीच महिन्यांत परततात’

परततात, हे खरे आहे. मात्र त्यांचे परतणे आणि आपले परतणे यांत काही मूलभूत फरक आहेत. त्यांच्याकडे रोज तपासणारा डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट असतो, दिवसभर विश्रांती आणि व्यायाम हाच त्यांचा व्यवसाय असतो, वय बहुधा पंचविशी-तिशीतले असते आणि ते वाहतुकीला बंद केलेल्या रस्त्यावर सायकल चालवतात. त्यांच्या समोरून उलट्या दिशेने रिक्षा येत नाही. याउपर, पुन्हा पडलो तर पुन्हा मोडेल हा धोका त्यांनी आणि त्यांच्या संघाने विचारपूर्वक पत्करलेला असतो, कारण त्या एका स्पर्धेवर त्यांचे वर्ष अवलंबून असते. चाळिशीतल्या, सोमवारी कार्यालयात हजर राहायचे असलेल्या माणसाने तोच धोका पत्करण्याला तेवढे कारण नाही.

शिवाय बातमी होते ती परत आलेल्यांची. चार वेळा टूर द फ्रान्स जिंकणारा ख्रिस फ्रूम जून २०१९ मध्ये शर्यतीच्या मार्गाची पाहणी करताना भिंतीवर आदळला. त्याचे मांडीचे हाड, कोपर आणि बरगड्या मोडल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये तो स्पर्धेत परतला, पण पूर्वीच्या उंचीवर पुन्हा कधीच पोचला नाही. जगातली उत्तमातली उत्तम वैद्यकीय मदत त्याच्या पाठीशी होती. मांडीचे हाड आणि कॉलर बोन यांची तुलना होऊ शकत नाही हे मान्य, पण ‘जिद्द असली की शरीर ऐकते’ हे वाक्य मला अशा वेळी फार स्वस्त वाटते.

हाड लवकर जुळवणारे काही आहे का?

पायाचे सूप, नाचणी, दूध, हाडजोडीची वेल, डिंकाचे लाडू: खांदा मोडलेल्या माणसाच्या घरी पहिल्या आठवड्यात यांतले बरेच काही येऊन पडते. आहारात प्रथिने आणि कॅल्शियम पुरेसे असणे आवश्यक आहे आणि यांतल्या पुष्कळ पदार्थांतून ते मिळते, त्यामुळे खायला हरकत नाही. ते खाल्ल्याने आठवडे कमी होतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. हाडजोडीच्या वेलीवर काही लहान अभ्यास झाले आहेत, पण तिच्या भरवशावर झोळी लवकर काढावी असे त्यातून काही निघत नाही.

‘ड’ जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ऊन भरपूर असूनही आपल्याकडे शहरी माणसात त्याची कमतरता सर्रास आढळते, म्हणून रक्ततपासणी करून कमतरता असल्यास ती भरून काढणे योग्य. मात्र आठवड्याला एक अशी घ्यायची साठ हजार युनिटची पुडी महिनोन् महिने आपल्या मनाने घेत राहू नये. हे जीवनसत्त्व शरीरात साठते आणि अति झाल्यास रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीवर जाते.

ज्या एका गोष्टीने नक्की फरक पडतो, ती खाण्याची नसून सोडण्याची आहे. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कॉलर बोन न जुळण्याचे प्रमाण स्पष्टपणे अधिक आढळते. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि मोडलेल्या जागी तर रक्ताचीच गरज असते. निकोटीन तंबाखू आणि मिश्रीतूनही मिळते, त्यामुळे ‘मी सिगारेट कुठे ओढतो’ या उत्तराचा उपयोग नाही.

घरातल्या ट्रेनरवर जमते, मग रस्त्यावर का नाही?

मागचे चाक अडकवून जागच्या जागी सायकल चालवता येते, त्या यंत्राला ट्रेनर म्हणतात. पाय शाबूत असल्याने, डॉक्टरांची हरकत नसेल तर पुष्कळ जण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच त्यावर बसतात. हात झोळीत, पाठ ताठ, हँडलवर भार नाही, अशा रीतीने ते चालते. दोन काळज्या घ्याव्या लागतात. टाके निघेपर्यंत जखमेवर घाम साचू देऊ नये, आणि सायकलवर चढता-उतरताना स्टूल व धरायला माणूस हवा. एका हाताने, ट्रेनरमुळे उंच झालेल्या सायकलवर टांग टाकताना तोल जाणे, हाच त्या सगळ्या व्यायामातला सर्वात धोक्याचा क्षण असतो. उभे राहून जोर लावणे मात्र टाळावे, कारण त्यात हँडल खेचले जाते.

याच काळात खांद्याचे व्यायामही सुरू होतात. पुढे वाकून हात लोंबता सोडून हलकेच झुलवणे हा बहुधा पहिला व्यायाम असतो. हात खांद्याच्या उंचीच्या वर नेण्याची परवानगी काही आठवड्यांनी मिळते, कारण तेथून वर जाताना कॉलर बोन स्वतःभोवती फिरते आणि जोडाला पीळ बसतो. भीतीपोटी हात अजिबात न हलवणे हेही तितकेच वाईट. खांदा आखडतो, आणि मधुमेह असलेल्यांमध्ये हा धोका विशेष असतो.

रस्त्यावर गोष्ट बदलते. पुढे झुकून बसले की धडाचा काही भार तळव्यांवर येतो आणि तो हातातून कॉलर बोनकडे जातो. खड्ड्याचा प्रत्येक दणका त्याच वाटेने वर येतो. करकचून ब्रेक दाबला की सायकल थांबते, पण शरीर पुढे जात राहते आणि त्याला हातच अडवतात. यात कोणती बाजू मोडली आहे याला आपल्याकडे विशेष महत्त्व आहे. आपल्या बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या मुठीत असतो आणि थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. गाड्या डावीकडून चालत असल्याने उजवीकडे वळण्याचा इशारा उजवा हात बाहेर काढून द्यावा लागतो आणि मागून येणारे वाहन पाहण्यासाठी मानही उजव्या खांद्यावरूनच वळवावी लागते. म्हणजे उजवे कॉलर बोन मोडलेल्याला डाव्यापेक्षा अधिक तयारीने उतरावे लागेल.

रस्त्यावर उतरण्याआधी काय जमले पाहिजे

ढोबळ मानाने, प्लेट बसवलेल्यांना सहा ते आठ आणि झोळीवाल्यांना आठ ते बारा आठवड्यांनी सपाट, मोकळ्या रस्त्यावर सायकल चालवण्याची परवानगी मिळते. घाट, गर्दी आणि घोळक्याने चालवणे त्यानंतर. पण आठवडे मोजण्यापेक्षा काही कृती करून पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. दोन्ही हात सारखेच वर जातात का? भिंतीला आणि मग टेबलाच्या कडेला टेकून दंड काढताना मोडलेली बाजू मागे पडते का? सायकल उभी असताना पुढचे चाक दोन्ही हातांनी सहज उचलता येते का? इमारतीच्या आवारात, वेग घेऊन, पुढचा-मागचा ब्रेक एकदम दाबून थांबल्यावर खांद्यात कळ येते का? एका हाताने सरळ रेषेत चालवत मागे वळून पाहता येते का? यांपैकी एकाचेही उत्तर मनाजोगते नसेल, तर पायात कितीही ताकद असली तरी रस्त्यासाठी तो माणूस तयार नाही.

या सगळ्यांत उत्तीर्ण झालेलाही पहिल्या टप्प्यावरच असतो, हे विसरू नये. तो चालवू शकतो. पडणे त्याला अजून परवडणारे नाही. म्हणून पहिले काही आठवडे पडण्याची शक्यता ज्यात कमी तेच निवडायचे: कोरडा रस्ता, उजेड, एकट्याने किंवा एखाद्या सोबत्याबरोबर, ओळखीचा मार्ग. परतल्याबरोबर दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, नाव नोंदवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण करायच्या त्या अंतरात शेवटी अंधार, थकवा आणि पेंग यांपैकी काहीतरी गाठतेच, आणि थकलेला माणूस खड्डा उशिरा पाहतो.

डोक्याला मार लागला असेल तर

खांद्याच्या दुखण्याकडे लक्ष असताना डोक्याचा मार राहून जातो. मेंदूला बसलेल्या हादऱ्यात शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. काही सेकंदांची आठवण नसणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, उजेड किंवा आवाज सहन न होणे, लक्ष न लागणे, ही लक्षणे पुरेशी आहेत. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, एका बाजूला अशक्तपणा, कानातून वा नाकातून रक्त किंवा पाणी, यांपैकी काहीही असल्यास थेट आपत्कालीन विभाग गाठावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर किरकोळ वाटणाऱ्या मारानंतरही.

पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणे, मग ट्रेनर, आणि लक्षणे परतली नाहीत तरच पुढची पायरी, असा क्रम सर्वमान्य आहे. रस्ता सर्वात शेवटी येतो, कारण मंदावलेली प्रतिक्रिया खांद्याहूनही धोकादायक ठरते. जमिनीवर आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे. आतला फोम एकदाच दबून मार शोषतो. तो पुन्हा पूर्ववत होत नाही.

भीती जात नाही, त्याचे काय?

शरीर बरे झाल्यावरही उतारावर हात ताठरतात, बोटे ब्रेकवरून हलत नाहीत आणि नजर समोरच्या खड्ड्यावर खिळते. नजर जिकडे तिकडे सायकल जाते हे प्रत्येक सायकलस्वार जाणतो, म्हणजे भीतीच पुन्हा पाडू शकते. यावर ‘मन घट्ट कर’ हा उपाय नाही. पायऱ्या पाडून सवय करणे हा आहे: आधी हलका उतार, मग लांब, मग वळणाचा, आणि प्रत्येक पायरीवर धडधड कमी होईपर्यंत थांबणे. अपघाताच्या ठिकाणी आधी चालत जाऊन नेमके काय घडले हे पाहून आले, तर पुष्कळांना मदत होते. खड्डा दिसतो, ओली रेती दिसते आणि घटनेला कारण सापडते. महिना उलटूनही अपघात स्वप्नात येत असेल, ट्रकच्या हॉर्नने छातीत धस्स होत असेल किंवा रस्ता ओलांडणेही टाळावेसे वाटत असेल, तर समुपदेशकाकडे जाणे हा उपचाराचाच भाग मानावा.

सायकलचीही तपासणी

पडलेली सायकल धुऊन ठेवणे म्हणजे तपासणे नव्हे. गिअर बदलणारे मागचे यंत्र ज्या लहान तुकड्यावर बसते तो हँगर मुद्दाम मऊ धातूचा असतो, म्हणजे आपटल्यावर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. वाकलेल्या हँगरसह सर्वात मोठ्या दातेचक्रावर गिअर टाकला की यंत्र चाकाच्या तारांत जाऊ शकते आणि चाक जागीच अडकते. हँडल, ते धरून ठेवणारा स्टेम आणि ब्रेकच्या मुठी यांवर ओरखडे असतील तर त्या खोलून पाहाव्यात. कार्बनच्या फ्रेममधली चीर रंगाखाली लपू शकते आणि नाण्याने टकटक करून ती हमखास सापडतेच असे नाही. कार्बनच्या हँडलला जोरदार मार बसला असेल तर ते बदलणेच स्वस्त पडते.

प्लेट काढायची का?

अनेकांच्या बाबतीत प्लेट आयुष्यभर आत राहिली तरी बिघडत नाही. कॉलर बोनवर मांसाचे आवरण कमी असल्याने पाठपिशवीचा पट्टा मात्र तिच्यावर घासतो आणि त्या त्रासापायी काही जण ती काढून घेतात. शस्त्रक्रियेच्या व्रणाखाली छातीच्या वरच्या भागात येणारा बधिरपणा हा कापलेल्या बारीक नसांमुळे असतो. प्लेट काढल्याने तो जाईलच असे नाही. काढायचीच ठरली तर हाड पूर्ण जुळून पुनर्रचनेला पुरेसा वेळ मिळावा म्हणून डॉक्टर बहुधा वर्ष-दीड वर्ष थांबतात.

प्लेट निघाल्यावर स्क्रूची भोके रिकामी राहतात आणि ती भरून येईपर्यंत हाड त्या ठिकाणी कमजोर असते. दोन-चार दिवसांत टाक्यांची ओढ सोडता काहीच दुखत नाही, खांदा पूर्ण फिरतो, सायकल तयार असते आणि या वेळी तर काही मोडलेलेही नसते. तरीही पुढचे काही आठवडे पडण्याचा धोका असलेली सायकल टाळायला सांगतात, आणि पावसाळ्यापूर्वी प्लेट काढून जूनमध्ये घाटात जाण्याचा बेत असेल तर तो डॉक्टरांना तारीख ठरवतानाच सांगावा.